अजगराचा भाव

अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या काठाने हार्टफर्ड शहरात शिरताना हायवेवरून एक निळा घुमट दिसतो. आकार कांद्याचा, निळ्यावर सोनेरी चांदण्या, टोकाला मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला एखादं रशियन चर्च वाटावं. तो आहे कोल्टचा जुना शस्त्रकारखाना. आत आता यंत्रं नाहीत. तिथे फ्लॅट झाले आहेत, ऑफिसं झाली आहेत, आणि आसपासच्या जागेला २०१४ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून मंजुरीही मिळाली. परळ-लालबागच्या गिरण्यांचे टॉवर होताना ज्यांनी पाहिले त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की परळच्या गिरणीतला कापडाचा तागा आज कुणी लिलावात बोली लावून घेत नाही. या घुमटाखाली कानशीने घासून जोडलेलं रिव्हॉल्व्हर मात्र घेतात, आणि घेताना हात आखडता ठेवत नाहीत.

कोल्टचं 'पायथन' १९५५ साली बाजारात आलं. सहाबारी, .३५७ मॅग्नम काडतुसाचं, किंमत १२५ डॉलर. आज साठ-सत्तरच्या दशकातलं, वापरलेलं पण निगुतीने ठेवलेलं पायथन ढोबळमानाने तीन हजार डॉलरच्या आसपास जातं. मूळ खोक्यासकट असेल आणि मालकाने एकही गोळी झाडलेली नसेल, तर त्याच्या दुपटीलाही घेणारे सापडतात. पायथन म्हणजे अजगर. कोल्टने पन्नासच्या दशकापासून रिव्हॉल्व्हरांना सापांची नावं द्यायला सुरुवात केली: कोब्रा, पायथन, डायमंडबॅक, वायपर, बोआ, किंग कोब्रा, ॲनाकोंडा. संग्राहकांच्या बोलीत या सगळ्या 'स्नेक गन'. या सर्पकुळाचा भाव हलला की बाकीच्या रिव्हॉल्व्हरांचाही मागोमाग हलतो, म्हणून आढावा अजगरापासून घेतलेला बरा.

आपल्याकडे जुन्या वस्तूची किंमत ऐकली की घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, तेवढ्या पैशात तेव्हा सोनं किती आलं असतं? तोच प्रश्न इथे विचारू. १९५५ मध्ये सोन्याचा अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर होता. म्हणजे १२५ डॉलरमध्ये साडेतीन औंस, आपल्या हिशेबात साधारण साडेनऊ तोळे. २०२४ अखेरच्या दराने त्याचे नऊ हजार डॉलरहून जास्त झाले असते. (एक गंमत: तेव्हा सामान्य अमेरिकन माणसाला सोन्याची लगड बाळगायला कायद्याने मनाई होती, १९३३ पासून १९७४ अखेरपर्यंत. घरात रिव्हॉल्व्हर चालायचं, सोनं नाही.) तेच पैसे शेअर बाजारात, एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या चालीने वाढले असते, तर लाभांश सोडूनसुद्धा सोळा हजार झाले असते. आणि नुसती महागाई धरली, तर १९५५चे १२५ डॉलर म्हणजे २०२४चे साडेचौदाशे. तेव्हा तीन हजार हा भाव खऱ्या अर्थाने सत्तर वर्षांत दुप्पट झाला, वर्षाला जेमतेम एक टक्का. 'बंदूक ही गुंतवणूक आहे' असं सांगणारा विक्रेता भेटला तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा आणि गंमत बघावी.

नव्या मालाचीही कथा अशीच आहे. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये पहिलं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम बनवलेलं, नोंदणीपत्रासकट. पहिला नग एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना भेट गेला. किंमत होती ६० डॉलर, ऐन मंदीत. आजच्या पैशात ते पावणेचौदाशेच्या घरात जातात. आणि २०२० मध्ये कोल्टने पायथन पुन्हा बाजारात आणलं ते छापील १,४९९ डॉलरला. म्हणजे नव्वद वर्षांत उत्तम नव्या रिव्हॉल्व्हरची खरी किंमत फारशी हललेलीच नाही. मग 'रिव्हॉल्व्हरं परवडेनाशी झाली' ही ओरड खोटी का? तीही खोटी नाही. फक्त लोक बोट दाखवतात वरच्या मजल्याकडे, आणि खचलाय तळमजला. चांगलं रिव्हॉल्व्हर आधीही महाग होतं. नाहीसं झालं ते स्वस्त, जुनं, कामचलाऊ रिव्हॉल्व्हर.

हा तळमजला बांधला होता पोलिसांनी. स्मिथ अँड वेसनचं 'मॉडेल १०' हे १८९९ पासून चालत आलेलं .३८ रिव्हॉल्व्हर, साठ लाखांच्या आसपास बनलं असं मानतात. अमेरिकेत गल्लोगल्लीच्या पोलिसाच्या कमरेला हेच किंवा कोल्टचं याच जातीचं हत्यार असायचं. मग एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. सहा गोळ्यांनंतर चक्र उघडून पुन्हा भरत बसणाऱ्या हत्याराचे दिवस भरले, असं त्यानंतर सगळ्या खात्यांचं मत होत गेलं. तोवर ऑस्ट्रियाच्या ग्लॉकसारखी, मॅगझिनमध्ये पंधरा-सतरा गोळ्या मावणारी पिस्तुलं आलीच होती. पोलीस खाती जुनी रिव्हॉल्व्हरं देऊन नवी पिस्तुलं घेऊ लागली, आपण जुनी स्कूटर देऊन नवी घ्यायचो तशी. घाऊक व्यापाऱ्यांच्या गोदामांत मॉडेल १०चे ढीग लागले. म्यानात घासून नळीच्या टोकाचा निळा रंग उडालेला, लाकडी मुठीला चेपे पडलेले, चौकटीवर गावाच्या पोलीस खात्याची अक्षरं कोरलेली. नव्वदच्या दशकात दुकानातली सर्वांत स्वस्त धड बंदूक ती हीच.

पण हे तळं एकदाच भरलं. एकदा खाती पिस्तुलांवर गेली की पुन्हा रिव्हॉल्व्हरं येणार कुठून? न्यूयॉर्क पोलिसांनी जुन्या हवालदारांना रिव्हॉल्व्हर बाळगायची मुभा ठेवली होती, तीही २०१८ मध्ये संपली. ढीग उपसला गेला, आणि ज्या कोरलेल्या अक्षरांमुळे किंमत पडायची, त्याच अक्षरांसाठी आता लोक शोध घेतात. आपलं गाव, आपल्या बापाचं खातं, ही अक्षरं कुठे मिळतील का?

परदेशी लष्करी मालाचंही हेच झालं. रशियाचं नागान १८९५, सात गोळ्यांचं, घोडा चढवला की चक्र पुढे सरकून नळीला चिकटणारं विचित्र यंत्र. दीड दशकापूर्वी ते म्यान, सफाईचा गज आणि कागदांसह शंभर डॉलरच्या आत मिळायचं. पूर्व युरोपातली गोदामं रिकामी झाली, २०२१ मध्ये रशियन शस्त्रांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाले, आणि 'गंमत म्हणून घेतलेलं' नागान तिप्पट-चौपट भावाला जाऊ लागलं.

ब्रिटिश वेब्लीची गोष्ट जरा जास्त खंत वाटावी अशी. पहिल्या महायुद्धातलं .४५५ बोअरचं वेब्ली मार्क ६ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मातीमोलाने आलं. त्याची गोळी तिथे मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांनी चक्राची मागची बाजू घासून त्यात अमेरिकन .४५ काडतूस बसेल अशी सोय केली. हजारो वेब्ल्या अशा तासल्या गेल्या. आज न तासलेली वेब्ली दिसली की संग्राहक हरखतो, तासलेली दिसली की सुस्कारा सोडून खाली ठेवतो. स्वस्त वस्तूची कुणी कदर करत नाही, आणि कदर न केल्यामुळेच उरलेली महाग होते. आपल्याकडे मोडीत गेलेल्या तांब्याच्या घंगाळांबद्दल आज जे हळहळतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा हार्टफर्डकडे, कारण पायथनच्या भावात पुरवठा-मागणीपलीकडचं एक प्रकरण आहे.

जुन्या पायथनमधली यंत्रणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धाटणीची. तिचे भाग मुद्दाम किंचित मोठे बनवत आणि मग कारागीर ते कानशीने घासून एकमेकांत बसवी. चाप ओढताना चक्र नेमकं किती फिरावं, घोडा पडायच्या क्षणी नळीसमोर घर कसं घट्ट अडकावं, हे सगळं बोटांच्या अंदाजावर. नकाशात मोजमापं होती, पण शेवटचा केसभर फरक कारागिराच्या हातात होता. त्यातून येई तो पायथनचा प्रसिद्ध मऊ चाप. आणि बाहेरून 'रॉयल ब्लू'. पोलादाला निळा-काळा रंग रसायनाने येतो, पण त्याआधी पृष्ठभाग जितका घोटावा तितका तो खोल दिसतो. पायथनचं पोलाद चाकांवर अधिकाधिक बारीक मसाल्याने इतकं घोटत की रंग चढल्यावर त्यात तोंड पाहावं. बंदुकीची मला आवड नाही, उलट ती हातात घेतली की तळव्याला घाम येतो. पण त्या निळाईवर दिवा पडलेला पाहिला की नजर अडकते, हे कबूल करायला हवं.

हे हात महाग होते, आणि कारखाना ते टिकवू शकला नाही. जानेवारी १९८६ मध्ये कोल्टच्या कामगारांनी संप केला तो १९९०पर्यंत चालला, कनेक्टिकटच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला. मधल्या काळात बदली कामगारांवर काम रेटलं, आणि १९८८ मध्ये लष्कराच्या एम-१६ रायफलचं कंत्राट बेल्जियमच्या एफएनकडे गेलं. संप मिटला तो कामगारांना मालकीत वाटा देऊन, राज्य सरकारच्या पेन्शन फंडाचे अडीच कोटी डॉलर त्यात घालून. दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत. मुंबईच्या १९८२च्या गिरणी संपाची आठवण होणं साहजिक आहे, पण तुलना फार ताणू नये. हार्टफर्डला निदान तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या. १९९९ मध्ये पायथनचं नियमित उत्पादन थांबलं, पुढची काही वर्षं खास मागणीवर थोडे नग निघाले, आणि मग तेही बंद. २०१५ मध्ये कोल्ट पुन्हा दिवाळखोरीच्या कोर्टात, २०२१ मध्ये झेक कंपनीच्या ताब्यात. संग्राहक जुन्या पायथनला पैसे मोजतो तेव्हा त्यातला मोठा हिस्सा या गेलेल्या हातांचा असतो. ते हात कामावर होते तेव्हा त्यांच्या मजुरीवरून चार वर्षं भांडण चाललं, ही त्यातली बोच.

या दुर्मिळतेच्या आगीत तेल ओतलं ते टीव्हीने. ऑक्टोबर २०१०मध्ये 'द वॉकिंग डेड' ही मालिका सुरू झाली. तिचा नायक रिक ग्राइम्स जिवंत प्रेतांशी लढतो ते लांब नळीचं चकचकीत पायथन घेऊन. नेमकं तेव्हा बाजारात नवं पायथन नव्हतं. ज्यांनी आयुष्यात कधी रिव्हॉल्व्हर पाहिलं नव्हतं तेही जुनं पायथन शोधू लागले. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या 'डर्टी हॅरी'नंतर स्मिथ अँड वेसनच्या .४४ मॅग्नम 'मॉडेल २९'ची अशीच टंचाई झाली आणि दुकानदार छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मागू लागले. त्याआधीच्या पिढीने काउबॉयपट पाहिले, म्हणून १८७३चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी त्यांच्या स्वप्नात. प्रत्येक पिढी हातात पैसा आला की आपल्या लहानपणचा पडदा विकत घेते. याचा उलटा परिणामही दिसायला लागला आहे. काउबॉय पाहून मोठे झालेले संग्राहक वयाने ऐंशीत पोचले, त्यांची मुलं-नातवंडं ती हत्यारं विकायला काढतात, आणि साध्या सिंगल ॲक्शनांची मागणी पूर्वीसारखी उसळत नाही. ऐंशीच्या दशकातल्या पोलिसी मालिकांतली रिव्हॉल्व्हरं मात्र वर चालली आहेत. माझा अंदाज विचाराल तर अजगराचाही दिवस कधीतरी मावळेल. ज्या मुलांनी फक्त व्हिडिओ गेम खेळले त्यांना रॉयल ब्लूचं काय?

२०२०चं नवं पायथन आल्यावर जुन्याचे भाव कोसळतील असं पुष्कळांना वाटलं होतं. तसं झालं नाही. नवं यंत्र वेगळं आहे. संगणकचालित यंत्रांवर कापलेलं, चौदा सुटे भाग कमी, मागच्या माशीखाली तीस टक्के जास्त पोलाद. मजबुतीत ते जुन्याच्या पुढे आहे आणि कानस लावायची गरज नाही. सुरुवातीला माल कमी, गिऱ्हाईक जास्त, म्हणून ते छापील किमतीच्या बरंच वर विकलं गेलं. पण जुन्याच्या बाजाराचे दोन तुकडे पडले. जे लोक जुनं पायथन नेमबाजीसाठी शोधत होते ते नव्याकडे वळले, त्यामुळे घासलेल्या, रंग उडालेल्या जुन्या नगांची घाई ओसरली. आरशासारख्या नगांचा भाव जागचा हलला नाही. उलट नव्यामुळे जुन्याची ओळख पटली: हा 'खरा', तो 'नवा'. एचएमटीची घड्याळं आठवा. कारखाना बंद झाल्यावर जनता आणि पायलटचे भाव चढले, आणि त्या डबड्यात ठेवलेल्या घड्याळाला 'ओरिजिनल' हे विशेषण तेव्हाच लागलं.

स्मिथ अँड वेसनच्या बाजूला भावाचं कारण एका भोकात आहे. अक्षरशः. मार्च २०००मध्ये कंपनीने क्लिंटन सरकारशी सुरक्षेबाबत करार केला. त्यात हत्यारालाच आतून कुलूप बसवण्याचं आश्वासन होतं. बंदूकप्रेमी खवळले, बहिष्कार पडला. मालक होती टॉमकिन्स ही ब्रिटिश कंपनी. तिने १९८७ मध्ये ११ कोटींहून जास्त डॉलर देऊन घेतलेला हा धंदा २००१ मध्ये दीड कोटीला विकला, आणि घेणारी कंपनी कुलपंच बनवणारी. त्यानंतरच्या रिव्हॉल्व्हरांवर डाव्या बाजूला किल्लीसाठी छोटं भोक दिसू लागलं. चिडलेल्या गिऱ्हाइकांनी त्याला 'हिलरी होल' नाव ठेवलं. तेव्हापासून वापरलेल्या मालाच्या जाहिरातीत 'कुलूपपूर्व' हा शब्द वजनदार झाला. त्याच्याही आधीची एक रेघ आहे: १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपनी नळी आडव्या खिळीने पक्की करायची आणि मॅग्नम चक्रात काडतुसाची कड आत बसेल अशी खाच द्यायची. खर्च वाचवायला दोन्ही सोडलं. व्यवहारात यामुळे नेमबाजाला तसूभरही फरक पडला नाही, असं जाणकारच सांगतात. भावात मात्र पडतो. अलीकडे कंपनीने काही मॉडेलं भोकाविना परत आणली आहेत. पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकांची कुरकुर कुणीतरी अखेर ऐकली म्हणायची.

स्वस्ताईची बाजू म्हणाल तर ती रूगर कंपनीने सांभाळली. बिल रूगरने पोलाद कापण्याऐवजी मेणाच्या साच्याने ओतून भाग बनवले आणि कानशीवाला कारागीर हिशेबातूनच काढला. १९५५ मध्ये, म्हणजे पायथनच्याच वर्षी, त्याचं ब्लॅकहॉक ८७ डॉलर ५० सेंटला आलं. आजच्या पैशात ते हजारभर होतात. नवं ब्लॅकहॉक आज त्याहून कमीत मिळतं. ब्राझीलची टॉरस त्याच्याही खाली. किंबरने २०१६ मध्ये, हेन्रीने २०२३ मध्ये रिव्हॉल्व्हरं काढली. तेव्हा 'रिव्हॉल्व्हर मेलं' म्हणणारे चुकले एवढं खरं.

कायद्याचा हात भावावर कसा पडतो हेही पाहण्यासारखं. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९९च्या आधी बनलेलं हत्यार 'पुराणवस्तू' समजतात, त्याला बंदुकीचे नियम लागत नाहीत. एकाच नमुन्याचं कोल्ट, एक १८९८चं आणि एक १८९९चं. पहिल्याला कागद नको, दुसऱ्याला हवा. भावही त्या रेषेवर तुटतो. दुसरी रेघ पन्नास वर्षांची. तेवढं जुनं हत्यार 'कुतूहलाची वस्तू' ठरतं, आणि तीन वर्षांना तीस डॉलर भरून संग्राहकाचा परवाना काढलेल्या माणसाला ते दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येतं. म्हणजे पायथनची पहिली वीस वर्षं या वर्गात येऊन बसली आहेत आणि दर वर्षी एक वर्ष आणखी वर चढतं. कॅलिफोर्नियात राज्याच्या मंजूर यादीत नसलेलं नवं हँडगन दुकानदार विकू शकत नाही, आणि जुलै २०२४ पासून दुकानातल्या विक्रीवर ११ टक्के जादा कर आहे.

आणि मग कोविड. २०१९ मध्ये बंदूक खरेदी वगैरेंसाठी एफबीआयकडे झालेल्या चौकशा २ कोटी ८४ लाख होत्या; २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख. प्रत्येक चौकशी म्हणजे विक्री नव्हे, पण उसळी किती होती ते कळतं. फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा लोकांनी कोपऱ्यातली जुनी रिव्हॉल्व्हरंही उचलली. त्या वर्षी चढलेला भाव पुन्हा पुरता उतरला नाही, कारण एकदा ऐकलेला आकडा विकणारा विसरत नाही. ऑनलाइन लिलावांनी ही स्मरणशक्ती आणखी पक्की केली. १९९९ मध्ये ईबेने बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी गनब्रोकर हे बंदुकांच्या लिलावाचं संकेतस्थळ सुरू झालं. आधी आयोवातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्या फळीवरच्या पायथनचा भाव माहीत नसायचा. घासाघीस करणाऱ्याला लॉटरी लागायची. आता भाव सगळ्यांना माहीत. निदान मागितलेला. मिळालेला भाव वेगळा असतो, हे नवखा संग्राहक पहिल्या दोन खरेद्यांनंतर शिकतो.

हा संग्रहाचा छंद किती बारकाव्यांवर चालतो ते सांगितल्याशिवाय भावांचा अर्थ लागत नाही. चक्र फिरलं की आतल्या अटकणीने त्यावर बारीक रेघ उमटते. ती रेघ नसलेलं रिव्हॉल्व्हर जास्त मोलाचं, म्हणून विकणारे प्लॅस्टिकचा पट्टा आवळून ठेवतात, कुणी हौसेने चक्र फिरवू नये म्हणून. पुन्हा निळा मुलामा दिला तर किंमत खाली, मग काम कितीही सुंदर असो. कारखान्याच्या दप्तरातून पत्र मागवता येतं: अमुक क्रमांकाचं हत्यार अमुक दिवशी, अमुक नळीचं, अमुक दुकानाला गेलं. या पत्राचं मोल वाढलं कारण खोटेपणा वाढला. साध्या पायथनला आखूड नळी बसवून दुर्मिळ म्हणून विकणं, जुन्या खोक्यांच्या नकला छापणं, सगळं चालतं. १९८५चं बोआ तर एकूण १,२०० बनलं, सगळं एकाच वितरकासाठी. त्याची नक्कल करणं सोपं नाही, म्हणून त्याच्या भावात निदान शंकेची कपात नसते.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट स्मृतिचिन्हांची. १९६१ पासून कोल्टने अमक्या राज्याची शताब्दी, तमक्या लढाईचं स्मरण म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली, मखमली पेटीतली रिव्हॉल्व्हरं काढली. लोकांनी ती जपूनच ठेवली, भाव वाढेल म्हणून. सगळ्यांनीच जपली, म्हणून दुर्मिळ झालीच नाहीत. आज ती पडून आहेत. संग्रहासाठी बनवलेल्या वस्तूचा संग्रह फुकट जातो आणि हवालदाराने पावसात घासलेल्या मॉडेल १०ला गिऱ्हाईक मिळतं.

अगदी वरच्या मजल्यावर तर हत्याराची अवस्थाही गौण ठरते. शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किडला मारलं ते साधं कोल्ट २०२१ मध्ये साठ लाख डॉलरला गेलं. १८४७च्या कोल्ट वॉकरचे एकूण अकराशेच नग बनले. पेटीसकट टिकलेला एक २०१८ मध्ये अठरा लाखांच्या वर गेला. पॅरिसमध्ये २०१९ मध्ये गंजून कोळसा झालेलं एक छोटं रिव्हॉल्व्हर १ लाख ६२ हजार ५०० युरोंना विकलं गेलं. व्हॅन गॉगने स्वतःवर गोळी झाडली ती त्यातूनच, असं मानलं जातं. ते पुन्हा निळं करायचा सल्ला कुणी देणार नाही.

भारतात हा बाजारच वेगळा. इथे दुर्मिळ असतो परवाना. ऐंशीच्या दशकात खाजगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात बंद झाली, तेव्हापासून जे परदेशी रिव्हॉल्व्हर आधीच देशात आहे तेच हातोहात फिरतं. अमेरिकेत सामान्य समजलं जाणारं हत्यार इथे लाखांत बोललं जातं. २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे आजोबांची वेब्ली वारशाने आली आणि आपल्याकडे आधीच दोन असतील, तर त्यातलं एक सोडावं लागेल. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये काढलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची किंमत १,२२,३६० रुपये होती. निवडणूक आली की परवानाधारकाला ते ठाण्यात जमा करायला लागायचा संभव. अशा वातावरणात चक्रावरच्या रेघा कोण तपासणार?

तिकडे, ऐंशी ओलांडलेल्या संग्राहकांच्या घरी आता भिंतभर कपाटं उघडली जात आहेत. मुलांना हत्यारं नको असतात. एक ओहायोत राहतो, एक कॅलिफोर्नियात, जिथे आणणंच किचकट. गावातल्या दुकानदाराला बोलावलं जातं. तो निम्म्या भावाने बोली करतो, त्याचंही पोट आहे. कुणी शहाणं असेल तर लिलावगृहाला पत्र जातं आणि माणूस येऊन नगांची यादी करतो. पायथन सापडतं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं, निळाई शाबूत. मग तो विचारतो, खोकं कुठे आहे? लाकडाच्या रेषा छापलेलं साधं पुठ्ठ्याचं खोकं, आत माहितीपत्रक. नुसतं रिकामं खोकंसुद्धा शेकडो डॉलरला जातं. सून आठवून सांगते, गॅरेज आवरलं तेव्हा बाकी पुठ्ठ्यांबरोबर गेलं असेल, मागच्या मंगळवारी.